काळी गुणाची, कबरी अवगुणाची

कवठेवाडी, ता. मिरज, जि. सांगली
१९ जून १९९४

ती. आईस,
आम्रपालीचा सविनय जयभीम. वि. वि.

तुझं कार्ड मिळालं. मी बरी हाय, शेरडं बरी हायत, तू बरी आस. झालं, संपलं पत्र. गेल्या साली साक्षरता वर्गात पाटी घेऊन बसलीस, सगळ्या बायकांच्या आधी वाचायला लागलीस, दहिवडीला जाऊन चारचौघांत फळ्यावर स्वतःचं नाव लिहून आलीस, ते काय एवढ्या तीन ओळींसाठी? पूर्वी तुझी पत्रं दुसऱ्याच्या हातची असायची, तेव्हा निदान गावातल्या लग्नांच्या बातम्या तरी कळायच्या. आता हात तुझा आहे, पण पत्रात तू सापडत नाहीस.

शाळा सुरू झाली. यंदा माझ्याकडे चौथीचा वर्ग आहे. खोली तीच, लालासाहेबांच्या घरामागची. पुढे ऊस, मागे ऊस. संध्याकाळी त्यांच्या घरातली सगळी माणसं जेवायला बसतात, त्यांच्या ताटांचे आवाज माझ्या खोलीपर्यंत येतात. मी रेडिओ लावून जेवते. बातम्या सांगणारी बाई आता ओळखीची वाटायला लागली आहे. तिला सर्दी झाली तरी मला कळतं.

आता तुला एक युक्ती सांगते. माझ्या वर्गातली पोरंही तुझ्यासारखीच. गाईवर निबंध लिहा म्हटलं की गाय उपयोगी आहे, गाय दूध देते, आणि पेन्सिल तोंडात. मग मी सांगते, गाईच्या शेजारी म्हैस उभी करा. म्हैस पाण्यात बसते, गाय का बसत नाही? गाय हाकेला येते, म्हैस येते का? लगेच हात चालायला लागतात. एकट्या गोष्टीबद्दल माणसाला 'बरं आहे' याच्यापुढे सुचत नाही. शेजारी दुसरी ठेवली की दोन्ही बोलतात. फक्त माप एकच ठेवायचं. एकीचं खाणं सांगितलंस तर दुसरीचंही खाणंच सांगायचं. आणि शेवटी, यातून काय कळलं ते लिहायचं. तू तुझ्या दोन शेळ्या घे आणि लिहून बघ. कार्डावर नको, निळं आंतरदेशीय आण.

आणखी एक. आमच्या जिल्ह्यातल्या शिक्षकांना दुसऱ्या जिल्ह्यात बदली मागता येणार आहे. अर्ज दिवाळीच्या सुट्टीआधी द्यायचे. माण तालुका मागितला तर मिळेल असं ऑफिसातले सांगतात, कारण तिकडे जायला कोणी तयारच नसतं. फलटणचा संसार सोडून मी आले त्याला तीन वर्षं होतील. आता गावी यावं का? तू म्हणशील तसं करीन.

माया आहेच, पण ती यापुढे तीन ओळींत भागवू नकोस.

तुझी,
आम्रपाली

*

मु. पो. शिरगाववाडी, ता. माण, जि. सातारा
५ जुलै १९९४

चि. आम्रपालीस,
आईचा जयभीम आन पोटभर आशीर्वाद.

तू सांगितलंस तसं निळं पत्र आनलं. लय मोठं हाय गं हे. एवढ्या रानात काय पेरायचं म्हनून दोन दिस नुसतं बघत बसली. मंग काळी आन कबरी दोगींना शेजारी बांधलं आन म्होरं पाट टाकून बसली. रंगुबाई जाता जाता थांबली, म्हनली राहीबाई शेरडांची शाळा घेतीस व्हय. म्हनलं व्हय, तू बी बस.

काळी म्होरं टाकंल ते खाती. कबरी आदी हुंगती, तोंड फिरवती, आन मंग काळीच्या म्होरलं वढून खाती. काळी धार काढताना गुमान हुबी ऱ्हाती. कबरी लाथ घालती, परवा तांब्या सांडला. काळीला हाक मारली की येती. कबरी हाक ऐकती आन भलतीकडंच बघती. काळी रानात कळपात चालती. कबरी कुपाटीवर चढून बसती आन मला उनातानात हुडकाया लावती. पावसाची भुरभूर आली की काळी छपरात बसती. कबरी घरात घुसती आन माज्या वाकळंवर बसती. हाकलली तर परत येती. थंडीत तिच्यावर पोतं टाकलं हुतं, ते बी तिनं खाल्लं. तिला रोज शिव्या देती मी. सकाळी उठल्यावर पयली शिवी तिलाच.

काय कळालं ते लिव म्हनलीस. कळालं आसं की काळी गुणाची आन कबरी अवगुणाची.

बदलीचं मला अडाण्याला काय कळतंय. तू शिकलेली हायस, तुजं तू बघ.

पत्र लिवून बोटं दुखाय लागली. जीव लावत जा, कागुद उरला तरी उरूं दे.

तुजी आई,
राहीबाई

*

कवठेवाडी
१७ जुलै १९९४

ती. आईस,
सविनय जयभीम. वि. वि.

काय सांगू, तुझं पत्र मी वर्गात वाचून दाखवलं. पोरं हसून हसून बाकावरून खाली. कबरी वाकळेवर येऊन बसते ते तर दोनदा वाचायला लावलं. माझ्या आईनं लिहिलंय हे सांगताना मला फार बरं वाटलं. खोलीवर आल्यावर पुन्हा एकटीनं वाचलं, तेव्हा मात्र हसायच्या ऐवजी रडू आलं. त्या ओट्यावर तुझ्या शेजारी बसून हे सगळं बघायला हवं होतं असं वाटलं.

आता माझी तुलना ऐक. इथं नळाला दोन्ही वेळ पाणी, तुमच्याकडे टँकर कधी येईल त्याच्या वाटेकडे डोळे. इथं नदी, तिथं आड. तरी मी इथं एका बादलीत अंघोळ उरकते आणि त्यातलंच तांब्याभर पाणी पायऱ्यांवर टाकायला ठेवते. परवा लालासाहेबांच्या मंडळींनी ते बघितलं आणि हसल्या. म्हणाल्या, अहो बाई, ओता की सढळ हातानं, कृष्णा काय आटणार आहे का. मी हसले त्यांच्याबरोबर. पण हात सढळ होत नाही. तहानलेल्या गावाची सवय मी इथं एकटीच सांभाळत बसले आहे. तुलना करून काय कळलं? पाणी भरपूर आहे, पण ते सांगायला माणूस नाही.

बदलीबद्दल तू एक ओळ लिहून सुटलीस. तुझं तू बघ म्हणजे काय? फलटणहून मी पेटी घेऊन आले तेव्हा गावानं तुला काय काय ऐकवलं ते मला माहीत आहे. तू मला कधी सांगितलं नाहीस, पण पाण्यावर गेलं की बायका गप्प व्हायच्या ते मी पाहिलंय. मी परत आले तर ते सगळं पुन्हा सुरू होईल, याचं तुला ओझं वाटत असेल तर तसं सांग. मी रागावणार नाही.

आता शेरडं पुरे झाली, पुढच्या पत्रात माणसं घे. दोन माणसं शेजारी ठेव आणि मनात असेल ते लिही, आडपडदा नको.

तुझ्या हातची अक्षरं आता मला सवयीची झाली आहेत, ती चुकवू नकोस.

तुझी,
आम्रपाली

*

शिरगाववाडी
९ ऑगस्ट १९९४

चि. आम्रपालीस,
आईचा जयभीम आन आशीर्वाद.

हितं ठीक हाय. टँकर एक दिसाआड येतो. मानसं घे म्हनलीस. लय इचार केला. गावातली घेतली तर कुनी वाचलं तर भांडान व्हायचं. म्हनून घरातल्याच दोगी घेतल्या, तू आन तुज्या चुलत्याची प्रियदर्शनी.

प्रिया भाकरी पातळ थापती, टम्म फुगती. तुजी भाकरी जाड, मदी कच्ची. प्रिया आली की घरात शिरायच्या आदी हाक मारती, मोठीआई म्हनून. तू आलीस की पिशवी टेकवतीस आन गप बसतीस. प्रियाला चार बायकांत बोलाया येतं. तुला न्हाई येत, तू तोंड फुगवून बसतीस. प्रिया सासरी नांदती, उंब्रजला नवऱ्याच्या दुकानात बी बसती. तू न्हाई नांदलीस. प्रियाला दोन लेकरं, तुला पुस्तकं. प्रिया सांगितलेलं ऐकती. तुला एक सांगावं तर तू धा इचारतीस. ल्हानपनी बी तशीच, आजारी पडली तर औषीद प्यायची न्हाईस, माज्या मांडीवरनं उठायची बी न्हाईस. पाय बधीर व्हायचं माजं.

कळालं आसं की प्रिया गुणाची पोर हाय. तुज्यात लय खोडी हायत.

ह्यो कागुद पुरा भरला बघ. आता तरी म्हनशील आईला लिवाया येतं. इसरू नगं.

तुजी आई,
राहीबाई

*

कवठेवाडी
२ सप्टेंबर १९९४

आईस,
जयभीम.

पत्र मिळालं. मनातलं लिही असं मीच सांगितलं होतं, त्यामुळे तक्रार करायला जागा नाही.

तुझं म्हणणं कळलं. नांदली नाही, हे तर सगळेच म्हणतात, तुझ्याही मनात तेच असणार हे मला आधीच समजायला हवं होतं. बदलीचा अर्ज मी करणार नाही. इथं मला बाई म्हणतात, माझ्या भाकरीची जाडी कोणी मोजत नाही. तिथं येऊन तुला चार बायकांत मान खाली घालायला लावण्यापेक्षा हेच बरं.

तब्येतीला जप. दिवाळीला येणं जमेल असं वाटत नाही.

आम्रपाली

*

शिरगाववाडी
३० सप्टेंबर १९९४

चि. आम्रपालीस,
आईचा जयभीम.

मी बरी हाय. काळी इकली. कबरी बरी हाय. मंग तुजं दुसरं पत्र न्हाई आलं. तू बरी आस.

राहीबाई

*

उंब्रज, ता. कराड, जि. सातारा
१८ ऑक्टोबर १९९४

प्रिय आम्रपाली अक्का,
सप्रेम जयभीम. वि. वि.

माझं पत्र बघून तुला नवल वाटेल. मी एरवी कुणाला लिहीत नाही, दुकानाच्या पावत्या सोडून. पण हे लिहिल्याशिवाय मला राहवत नाही.

धम्मचक्र दिनाला आम्ही शिरगाववाडीला गेलो होतो. विहारात वंदना झाली आणि मी मोठीआईकडे गेले. तिचा उजवा हात फडक्यात बांधलेला. विचारलं तर म्हणे काही नाही, जरा मुरगळलाय. मग रंगुबाईनं सांगितलं. सप्टेंबरात आडावरनं घागर घेऊन येताना पाय सटकून पडली. मनगट एवढं सुजलं होतं की भाकरी रंगुबाईच देत होती. मोठीआईनं तिला शपथ घातली होती, पोरीला कळवायचं नाही म्हणून. आम्ही तिला दहिवडीच्या डॉक्टरकडे नेलं. हाड मोडलेलं नाही, पण हाताला आराम हवा म्हणाले. तुला मधे एक कार्ड आलं असेल. ते तिनं डाव्या हातानं लिहिलंय, सकाळभर बसून.

हाताचं असं झाल्यावर दोन शेळ्यांमागे फिरणं होईना, म्हणून एक विकायची ठरली. शेळ्या घेणारा धुळा आला, त्याला कबरी हवी होती. जास्त पैसे देत होता. मोठीआईनं त्याला काय सांगितलं असेल? म्हणाली, कबरी खादाड, लाथा घालती, रोगट हाय, हिला नेऊन तू बुडशील. आणि काळीचे असे गुण गायले की धुळा काळी घेऊन गेला. जाताना त्यानं चेष्टा केली, म्हणाला, म्हातारे, कबरी इतकी वाईट हाय तर फुकट दे. तर त्याच्या अंगावर धावून गेली. मी रंगुबाईकडून ऐकलं आणि खूप हसले.

पण अक्का, हसू ओसरल्यावर मला वाईट वाटलं. कारण मी तिथं होते तेवढा वेळ मोठीआई येईल त्याच्यापुढे माझं कौतुक करत होती. प्रियाची भाकरी, प्रियाचं बोलणं, प्रियाचा संसार. आणि मला कळलं की मी काळी आहे. दिलेली, परक्या दावणीची. माझं कौतुक करायला तिला भीती वाटत नाही. तुझं नाव निघालं की म्हणते, ती होय, एक नंबरची हट्टी, तिला कोण इचारतंय. आणि लगेच पदरानं डोळे पुसते, चुलीच्या धुराचं निमित्त करून. चूल विझलेली होती.

तुला आठवतं का, तू चौथीच्या परीक्षेत सगळ्या केंद्रात पहिली आलीस तेव्हा ती गावभर सांगत होती की पोरगी ढ हाय, मास्तरांनी चुकून नंबर दिलाय? जीव असेल त्याला नावं ठेवायची, चांगलं म्हटलं की दृष्ट लागते. आपल्या लोकांनी दीक्षा घेतली तेव्हा लिंबूमिरच्या, काळ्या बाहुल्या सगळं सोडलं, मोठीआईनंही सोडलं. कुणी दृष्टीचं नाव काढलं तर तीच रागावते. पण जिभेला लागलेलं वळण गेलं नाही. माझी आईही अशीच होती. ती गेल्यापासून मला कोणी नावं ठेवत नाही.

तुझ्यात आणि तिच्यात काय बिनसलंय ते मला माहीत नाही, विचारतही नाही. एवढंच सांगते, तुझी सगळी पत्रं तिनं उशाखाली ठेवली आहेत, आणि त्यांतलं शेवटचं मला वाचायला दिलं नाही.

रागावली असलीस तरी लोभ ठेव. मला सख्खी बहीण नाही.

तुझी,
प्रियदर्शनी

*

कवठेवाडी
२१ ऑक्टोबर १९९४

प्रिय प्रिया,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं पत्र शाळेत मिळालं. मधल्या सुट्टीत वाचलं आणि नंतरचा तास मला घेता आला नाही. पोरांना शुद्धलेखन दिलं आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिले.

मला वाटत होतं आईला माझी लाज वाटते. हे मी तीन वर्षं उराशी धरून बसले होते, प्रिया. कुणाजवळ बोलले नाही. इथं संध्याकाळ झाली की तेच डोक्यात. म्हणून तिनं तुझी आणि माझी तुलना लिहून पाठवली तेव्हा मला तो निकालच वाटला. मांडीवरून उठायची नाहीस, पाय बधीर व्हायचे, असंही तिनं त्यात लिहिलं होतं. मी तेही खोड म्हणूनच वाचलं. मुलांना शिकवते की दोन्ही गोष्टी नीट बघा. त्या शेजारी शेजारी ठेवणारं माणूस कोण आहे तेही बघा, हे त्यांना कधी सांगितलं नाही, कारण मलाच ते ठाऊक नव्हतं. आणि डाव्या हातानं लिहिलेलं कार्ड मला फुगून लिहिल्यासारखं वाटलं. मी ते उत्तर न देता पेटीत टाकलं.

तिला मी आजच लिहिते आहे. तू मला काही कळवलंस हे मी तिला एवढ्यात सांगणार नाही.

तुझ्याबद्दल एक. तुझी पातळ भाकरी मला कधीच आवडली नाही, तोंडात जाते कधी आणि संपते कधी ते कळत नाही. तुझं बोलणंही फार. आता दिवाळीनंतर येईन तेव्हा बाकीची नावं तोंडावर ठेवीन.

असंच भांडायला हक्कानं लिहीत जा.

तुझी,
अक्का

*

कवठेवाडी
२१ ऑक्टोबर १९९४

ती. आईस,
आम्रपालीचा सविनय जयभीम. वि. वि.

खूप दिवस पत्र लिहिलं नाही. चुकले. तू बरी असशील असं धरून चालले होते. तू आहेस ना बरी?

बदलीचे अर्ज सुट्टी लागायच्या आधी द्यायचे आहेत, म्हणजे आता थोडेच दिवस उरले. मागच्या पत्रात मी अर्ज करणार नाही असं लिहिलं होतं ते रागात. खरं ते अजून ठरलेलं नाही. तुला आणखी एकदा शेजारी शेजारी दोन गोष्टी ठेवायला लावते. मी तिकडे गावी आले तर काय, आणि मी इथंच राहिले तर काय. दोन्ही बाजू लिही. नेहमी जशी लिहितेस तशीच लिही, त्यात काही बदल करू नकोस. हाताला वेळ लागला तर लागू दे, पण परतीच्या टपालानं पाठव. तुझं पत्र वाचूनच मी ठरवीन.

उत्तराची वाट रोज बघते, रेडिओ बंद करून.

तुझी,
आम्रपाली

*

शिरगाववाडी
२५ ऑक्टोबर १९९४

चि. आम्रपालीस,
आईचा जयभीम आन पोटभर आशीर्वाद.

तुजं पत्र आलं. पोष्टमननं लांबनंच दाखवलं. अक्षर वाकडं हाय, तिकडं बघू नगं.

आदी तिकडलं लिवती. तू तिकडं ऱ्हायलीस तर लय चांगलं. पानी हाय, ऊस हाय, गारवा हाय. लालासाहेबांची मानसं भली हायत. तुला समदी बाई म्हनत्यात. पगार येळंवर. रेडिव हाय. हितं मला बी काय तरास न्हाई. सांजंला एक भाकर टाकती, आर्दी खाती, आर्दी सकाळच्याला. भांडं एक, घासाय काय लागतंय. कुनाशी बोलाय लागत न्हाई, तोंड दुखत न्हाई. दार कवाबी लावावं, कुनी यायचं ऱ्हायलेलं नसतं. आसं समदं निवांत.

आता हितलं. तू हितं आलीस तर समदा तरासच हाय. घर एवढंसं. तुजी पुस्तकं कुटं ठिवायची, कणगी हलवाय लागंल. हलवून बघितली, हालती. रंगुबाईनं हात लावला. त्या कोपऱ्यात उंदीर झालं हुतं म्हनून सारवून घेतला, तुज्यासाटी न्हाई. तुला अंघोळीला ऊन पानी लागतं, जळान लय जायाचं. म्हनून थोडं आनून रचलंय. पान्याला लांब जावं लागंल, तुजं हात नाजूक झालं आसतील, घागर फोडशील. तुजी भाकरी जाड, माजं दात आता पैल्यासारकं न्हाईत, भिजवून खावी लागंल. बायका बोलतील पान्यावर. मागं बोलल्या तवा म्या एकीची घागर वतली हुती, तुला सांगितलं न्हवतं. परत वताया लागंल, माज्यात आता ताकद न्हाई. कबरी तुला बगून दिसभर वरडंल. तुमी दोगी एका सोभावाच्या, मी कुना कुनाला आवरू. आन तू सारकी इचारत बसशील, आई पडलीस का, आई जेवलीस का, आई औषीद घेतलंस का. माजं डोकं उठंल.

कळालं आसं की तू तिकडं आसलेली चांगली. हितं आलेली लय वाईट.

नीट वाच. आन लवकर वाच.

तुजी आई,
राहीबाई

*

कवठेवाडी
२९ ऑक्टोबर १९९४

ती. आईस,
आम्रपालीचा सविनय जयभीम. वि. वि.

तुझं पत्र काल मिळालं. नीट वाचलं, तू सांगितलंस तसं. आज सकाळी मिरजेला जाऊन अर्ज देऊन आले. माण तालुका, दुसरा कुठलाच नाही. कारकुनानं मान वर करून विचारलं, बाई, नक्की ना, तिकडं पाणी नाही. म्हटलं, माहीत आहे, आमच्याकडे पाण्यावरून घागरी ओततात.

बदली व्हायला उन्हाळा उजाडेल. पण सुट्टी लागली की मी येते आहे. कणगी हलवायची राहिली असेल तर तशीच राहू दे, हाताला ताण देऊ नकोस.

तुझी शिकवण मी इथं गिरवून बघितली. लालासाहेबांच्या आई आणि तू, दोघींना शेजारी ठेवलं. लालासाहेबांच्या आई देवमाणूस. गोड बोलतात, कधी आवाज चढवत नाहीत, मला सणाला पुरणपोळी पाठवतात. दुखलं खुपलं लगेच सगळ्यांना सांगतात, लपवत नाहीत. सुनेच्या भाकरीला सुद्धा नावं ठेवत नाहीत. तू हट्टी. लबाड. पडतेस आणि सांगत नाहीस, शपथा घालतेस. डाव्या हातानं कार्डं लिहितेस आणि वर मी बरी हाय म्हणतेस. धुळ्याच्या अंगावर धावून जातेस. विझलेल्या चुलीचा धूर डोळ्यांत गेला म्हणतेस. दार लावायची घाई करतेस, माणूस यायचं राहिलेलं असताना.

यातून कळलं ते असं, की तुझ्याइतकी वाईट आई अख्ख्या माण तालुक्यात नसेल.

सोमवारच्या गाडीनं निघते. दार लावू नकोस.

जाड भाकरीवाली,
आम्रपाली